सात वेळा लावलेला अंगठा

चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. तपासलेले बरेचसे गुन्हे आता नीट आठवतही नाहीत. आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले आहेत. आर्णीची ती घटना मात्र काल घडल्यासारखी समोर उभी राहते. मी तिथे ठाणेदार होतो आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. यात कुणाचं नाव घेणार नाही, गावाचंही नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

उन्हाळा लागला होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत बसलो होतो, तेवढ्यात दुसऱ्या राज्यातलं एक पोलीस पथक ठाण्यात आलं. एक फौजदार आणि दोन शिपाई. दोन दिवसांच्या प्रवासानं थकलेले, कपड्यांवर धूळ. पाणी पिऊन फौजदारानं कागद पुढे केला.

त्यांच्या शहरातल्या एका निवृत्त शिक्षकाला कुणीतरी फोन केला होता. आम्ही मोठे पोलीस अधिकारी बोलतोय, तुमच्या नावावर गंभीर गुन्हा आहे, असं सांगून त्या म्हाताऱ्याला तीन दिवस व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवलं. खोली सोडायची नाही, बायकोशी बोलायचं नाही, झोपतानाही फोन चालू. चौथ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याचं हृदय बंद पडलं. त्याच्या बायकोनं फिर्याद दिली. ज्या नंबरवरून पहिला फोन आला होता, तो आर्णी तालुक्यातल्या एका बाईच्या नावावर होता. वय सदुसष्ट.

"साब, सिम इनके नाम पे है, अंगूठा भी इनका है," फौजदार म्हणाला. "ले जाना पड़ेगा."

त्याचं चुकत नव्हतं. सिमकार्डाचे नियम आम्हाला पाठ होते. पूर्वी आधारची झेरॉक्स आणि एक फोटो दिला की सिम मिळायची, आणि त्याच झेरॉक्सवर मागच्या मागे आणखी दहा निघायच्या. म्हणून सरकारनं कागद बंद केला. ग्राहकानं स्वतः दुकानात यायचं, मशीनवर अंगठा लावायचा, दुकानदारानं समोर बसवून फोटो काढायचा, आणि शेवटी दुकानदारानंही आपला अंगठा लावायचा. सिम विकणाऱ्याची पोलीस पडताळणीसुद्धा सुरू झाली. झेरॉक्स खोटी असेल, पण अंगठा कसा खोटा असेल? आम्ही सगळे असंच मानून चाललो होतो.

मी फौजदाराला म्हटलं, आधी बाई बघू. आमचे जुने जमादार आणि एक महिला शिपाई घेऊन आम्ही गावात गेलो.

घर विटांचं, अंगण शेणानं सारवलेलं. खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून आजी काठी घेऊन राखण करत बसल्या होत्या. सहा एकर वावर, त्यात कापूस आणि तूर. मुलगा आणि सून करत होते. नात नागपूरला नर्सिंग शिकत होती. पोलिसांची गाडी पाहून सून दारात येऊन थिजली. आजींनी मात्र आम्हाला बसायला सतरंजी टाकायला सांगितली.

मी नंबर वाचून दाखवला. "आजी, हा नंबर तुमचा?"

"नाही बाप्पा. माहा नंबर चिठ्ठीवर लिवलेला हाये, नातीनं लिवून देल्ला." त्यांनी फडताळातून चिठ्ठी आणली. नंबर वेगळा होता.

"पण ही सिमही तुमच्याच अंगठ्यावर निघाली आहे. आणि त्या सिमवरून ज्याला फोन गेला, तो माणूस मेला."

 आजींनी काठी हातातून खाली ठेवली.

"माह्या अंगठ्यानं मानूस मेला?"

"तुम्ही मारला असं कोणी म्हणत नाही," मी म्हणालो.

"कोन होता तो?"

"मास्तर होता. म्हातारा."

"बायको हाये त्याची?"

"आहे."

पोलीस दारात आल्यावर माणूस आधी स्वतःचा बचाव करतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. निरपराध माणूस तर जास्तच घाईघाईनं करतो. या बाईनं पहिल्यांदा विचारपूस केली ती मेलेल्या माणसाच्या बायकोची. मग त्या उठल्या आणि आत गेल्या. महिला शिपाई मागोमाग जायला निघाली, तिला मी थांबवलं.

आजी बाहेर आल्या त्या हातात कापडाची एक गुंडाळी घेऊन. जुन्या लुगड्याचा काठ होता तो, चार बोटं रुंद. त्यांनी तो सतरंजीवर उलगडायला सुरुवात केली. उलगडत गेला तसतसा तो सतरंजीच्या बाहेर अंगणात गेला. काठावर एका ओळीत टाके घातलेले. लाल, निळे, हिरवे, आणि मधूनमधून पिवळ्या दोऱ्याची फुली.

"हे काय आहे आजी?"

"माहे अंगठे," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. जमादारांनाही नाही. मग सुनेनं खुलासा केला. चार वर्षांपूर्वी राशनच्या दुकानात आजींना सांगण्यात आलं होतं की या महिन्याचं धान्य तुम्ही नेलं आहे, मशीनवर तुमचा अंगठा आहे. आजी म्हणत होत्या नेलं नाही, दुकानदार म्हणत होता नेलं. लिहिता येत नाही म्हणून आजींकडे दाखवायला काहीच नव्हतं. घरी येऊन त्यांनी सुईदोरा काढला. त्या दिवसापासून कुठेही अंगठा लावला की घरी आल्यावर एक टाका.

"लाल म्हंजे राशन," आजी बोट फिरवत सांगू लागल्या. "निळा बँकीचा. हिरवा दुसऱ्या दुकानाचा. पिवळी फुली म्हंजे बजार. बजाराचा दिवस आला का एक फुली मारतो म्या. मंग कोनता अंगठा कोन्या हप्त्यातला, हे समजते."

मी त्या काठावर वाकून पाहत होतो. माझ्या गुडघ्याखाली चार वर्षं पसरलेली होती. एके ठिकाणी एकच काळा टाका होता, आजूबाजूला बरीच जागा सोडून.

"हा काळा कशाचा?"

"माहा म्हातारा गेला, त्याच्या मरनाच्या कागदाचा. तिथंबी अंगठा लागला."

 परराज्यातल्या फौजदाराला मराठी येत नव्हतं. त्याला मी हिंदीत सांगितलं तेव्हा त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोही वाकून टाके पाहू लागला.

"आता सिम घेतली तो दिवस दाखवा," मी म्हणालो.

आजींनी शेवटापासून मागे मोजायला सुरुवात केली. बोट एकेका फुलीवरून मागे सरकत होतं आणि जमादार सोबत पुटपुटत मोजत होते. चोवीस फुल्या मागे गेल्यावर बोट थांबलं. दोन फुल्यांच्या मध्ये हिरवे टाके होते. मी मोजले. सात.

"कापसाचा दुसरा वेचा चालू होता. नात नागपूरले गेल्ती, तिच्याशी बोलाले सिम पाह्यजे होती. आर्नीले गेली. दुकानातला पोट्टा म्हने, आजी, अंगठा लावा. लावला. तो म्हने, लागला नाही, कापूस वेचून वेचून तुमच्या बोटाच्या रेघा गेल्या. पुन्हा लावा. मंग म्हने पानी लावून लावा, मंग म्हने पुसून लावा. फोटोबी तीन-चारदा काढला, हलल्या म्हने. सात खेप लावला म्या अंगठा. सिम भेटली एक."

"मग तुम्हाला शंका नाही आली?"

"आली ना. राशनच्या मशीनवर म्या पाह्यतो, अंगठा नाही लागला का लाल येते, लागला का हिरवं येते. त्याच्या मशीनवर सातही खेप हिरवं आलं."

"मग बोलल्या काहून नाही?" जमादारांनी विचारलं.

"मले वाटलं त्याच्या मशीनचं तंत्र येगळं असन. पोट्टा लय गोड बोलत होता. खुर्चीवर बसवलं, पानी देल्लं. पन टाके म्या सात मारून ठेवले. एक इकडं, सहा तिकडं." खरंच, पहिला टाका जरा सुटा होता आणि सहा जवळजवळ. "एक माह्या कामाचा. सहा कायचे ते मले मालूम नाही, म्हनून येगळे."

मी पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकलेलो माणूस. नोंद कशी ठेवावी, वेळ-दिनांक कसा टाकावा, खाडाखोड कशी टाळावी, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. आणि अक्षर न येणाऱ्या बाईनं माझ्या स्टेशन डायरीहून स्वच्छ नोंद ठेवली होती. संशयाची नोंदसुद्धा वेगळी काढून ठेवली होती, निष्कर्ष न काढता.

तिथेच जबाब घ्यायला बसलो. जमादारांनी चार पानं लिहिली आणि सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला.

"आधी वाचून दाखवा," आजी म्हणाल्या.

जमादार वाचू लागले. एका वाक्यापाशी आजींनी हात वर केला. "काय म्हटलं? पुन्हा वाचा."

"दुकानदाराने माझ्याकडून जबरदस्तीने वारंवार अंगठा घेतला."

"जबरदस्ती नाही केली त्यानं. गोडीनं घेतला. जबरदस्ती केली असती तं म्या देल्लाच नसता. ते खोडा."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. वाक्य दुरुस्त झालं, आजींनी अंगठा उठवला आणि पॅडची शाई पदराला पुसत सुनेला म्हणाल्या, "सुई आन."

फौजदारानं त्या दिवशी आजींना नेलं नाही. विश्रामगृहावर पाच दिवस मुक्काम करायची परवानगी त्यानं आपल्या साहेबांकडून फोनवर मागून घेतली. मी सायबर शाखेमार्फत मोबाइल कंपन्यांकडे आजींच्या आधारवर निघालेल्या सगळ्या सिमकार्डांचे अर्ज आणि पडताळणीच्या वेळा मागवल्या. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम चालतात, त्यामुळे सात निघाल्या तरी कुठे घंटा वाजत नाही.

दुकानदाराला चौकशीला बोलावलं. तिशीतला, नीटनेटका, गावात चांगलं नाव. इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्याच्या पोलीस पडताळणीच्या अहवालावर माझीच सही होती. आमच्याच ठाण्याचा माणूस दुकानात जाऊन, चहा पिऊन आला होता आणि 'वर्तणूक चांगली' असा शेरा मारला होता. त्याखाली मी सही केली होती, एका दिवसात केलेल्या तीस-चाळीस सह्यांपैकी एक.

"साहेब, माह्या कोडवर पाहा ना," तो शांतपणे म्हणाला. "त्या आजीले म्या एकच सिम देल्ली. एकापेक्षा जास्त निघाली तं फाशी द्या."

"आजी म्हणतात सात वेळा अंगठा घेतला."

तो हसला. "साहेब, बुढीच्या चिंधीवर केस करता काय? कापूस वेचनाऱ्या बायाईचे अंगठे लागतच नाहीत. कोनाले बी विचारा."

त्याचं उत्तर इतकं तयार होतं की माझा संशय वाढला. खरं बोलणारा माणूस सहसा अडखळतो, आठवून आठवून सांगतो. पण संशयावर काही उभं राहत नाही. मी त्याला घरी जाऊ दिलं.

चौथ्या दिवशी कंपन्यांचं उत्तर आलं. मी ते जमादारांच्या हाती दिलं आणि स्वतः कॅलेंडर घेऊन बसलो. पट्टीवरची शेवटची फुली ज्या बाजाराची होती, तिथपासून चोवीस आठवडे मागे मोजले. कागदावरची तारीख त्याच दोन बाजारांच्या मधली होती. जमादार वेळा वाचू लागले. अकरा बेचाळीस. अकरा सत्तेचाळीस. अकरा एक्कावन्न. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू होत गेला. शेवटची बारा वाजून नऊ मिनिटांची. सगळ्या यशस्वी. एकूण सात.

"साहेब," जमादार म्हणाले, "बुढीचा एकबी टाका चुकला नाही."

 दूर कुठल्यातरी शहरातल्या यंत्रानं ठेवलेली नोंद आणि एका घरात गुंडाळून ठेवलेली लुगड्याची पट्टी, दोन्हींनी एकच गोष्ट सांगितली. यंत्रानं सात यशस्वी अंगठे मोजले आणि त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. आजींना दिसलं.

पण कागदावर आणखी एक गोष्ट होती. पहिली सिम दुकानदाराच्या कोडवर होती. उरलेल्या सहा वेगळ्याच कोडवर, वेगळ्याच विक्रेत्याच्या अंगठ्यावर निघाल्या होत्या. त्या विक्रेत्याचं नाव वाचून जमादार खुर्चीत टेकले. तो दुकानदाराचा बाप होता. तालुक्याच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेला, देवभोळा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

दुकानदाराला पुन्हा बोलावलं. दुपार झाली तसे वडील त्याचा डबा घेऊन ठाण्यात आले आणि बाहेरच्या बाकावर बसले. खिडकीतून ते दिसत होते. डबा मांडीवर, दोन्ही हात डब्यावर.

मी कागद त्याच्यासमोर ठेवला. आवाज चढवला नाही.

"वाच. सहा सिम कुणी विकल्या ते वाच. त्यातल्या एकीवरून फोन गेला आणि माणूस मेला. माझ्याकडे जो कागद आहे त्याप्रमाणे बाहेर बाकावर बसलेला माणूस आरोपी आहे. मला त्यांना आत बोलवावं लागेल."

त्यानं कागद वाचला.  मग खिडकीकडे पाहिलं आणि एकदम खुर्चीतून खाली बसला, फरशीवर.

"बाबाले काही मालूम नाही साहेब. दुसरा कोड म्याच त्याईच्या नावानं काढला. ते दुकानात मांगच्या खोलीत बसत, म्या म्हटलं, बाबा, दुकानाच्या कामाचं हाये, अंगठा लावा. ते लावत गेले. काय हाये म्हनून एकदाबी नाही इचारलं."

पुढे सगळं बाहेर आलं. पंधरवड्यातून एकदा जिल्ह्यातल्याच नेरच्या बसस्टँडवर एक माणूस येई आणि चालू केलेल्या सिमकार्डांचं पाकीट घेऊन जाई. कुठे जातात, कशाला जातात, यानं विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या, एकट्या आलेल्या बाया तो निवडत असे. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून आम्ही पंच घेऊन नेरला सापळा लावला. ठरलेल्या दिवशी तो माणूस अमरावतीच्या बसमधून उतरला. बिस्किटांच्या पुड्यात सिमकार्डं सापडली, प्रत्येकीवर चिकटपट्टीनं नंबर लावलेला. रीतसर जप्ती पंचनामा झाला. तिथून पुढची साखळी परराज्यातल्या पथकानं उलगडली आणि ज्यांनी मास्तरांना तीन दिवस कोंडलं होतं तेही महिन्याभरात सापडले.

जाण्याआधी तो फौजदार मला घेऊन पुन्हा आजींच्या गावी गेला. लुगड्याचा काठ मुद्देमाल म्हणून जमा करायचा होता. आजींनी तो घडी करून दिला, पण आधी एक गोष्ट मागितली. "त्या मास्तरच्या बायकोशी माहं बोलनं करून द्या."

नियमात हे कुठे बसतं ते मला ठाऊक नव्हतं. फौजदारानं स्वतःच्या फोनवरून नंबर लावला, आणि मी हिंदीत सांगितलेलं आजींचं एकेक वाक्य तिकडच्या भाषेत करून सांगितलं. आजी म्हणाल्या, "बाई, माह्या अंगठ्यानं तुह्या घरात दुख आलं. त्याच्यासाठी म्या देल्ला नव्हता, पन अंगठा माहाच होता."  पलीकडून ती बाई काहीतरी बोलली. फौजदारानं ते आजींना हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "वो बोल रही हैं, आपने गिनके रखा, इसलिए पकड़े गए. नहीं तो कोई नहीं पकड़ा जाता."

खटला फौजदाराच्या राज्यात चालला, त्यामुळे आजींची साक्ष पुढे यवतमाळच्या कोर्टातून व्हिडिओवर झाली. आरोपीच्या वकिलानं दुभाष्यामार्फत विचारलं, "तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?" आजी म्हणाल्या, नाही. "मग ही पट्टी म्हणजे नोंद आहे हे तुम्ही कसं म्हणता?" आजींनी साक्षीसाठी तिकडून मागवलेली पट्टी हातात घेतली आणि पहिल्या टाक्यापासून वाचायला सुरुवात केली. राशन, बँक, बाजार, राशन. दहा-बारा मिनिटं त्या वाचत होत्या आणि वकील मधे बोलला नाही. शेवटी पडद्यावरच्या न्यायाधीशांनीच पुरे म्हटलं. दुकानदाराचे वडील मागच्या बाकावर होते. साक्ष संपल्यावर त्यांनी आजींना वाकून नमस्कार केला. आजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

या प्रकरणानं मला काय शिकवलं, हे लोक विचारतात. नियम चांगले आहेत. ते आणखी कडक झाले तरी माझी हरकत नाही. पण यंत्र अंगठा कुणाचा ते ओळखतं. तो कशासाठी मागितला, हे विचारायचं काम माणसालाच करावं लागतं. आणि त्या कामात मी स्वतः किती कच्चा होतो, हे मला आजींच्या अंगणात कळलं. चौतीस वर्षांत मी हजारो माणसांचे अंगठे घेतले. फिर्यादींवर, जबाबांवर, पंचनाम्यांवर. 'वाचून दाखविले, बरोबर आहे' हे वाक्य प्रत्येकाखाली लिहिलेलं असायचं. किती वेळा खरंच वाचून दाखवलं होतं, हे मला माहीत आहे.

नेरहून परतल्यावर मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, की यापुढे मोठ्यानं वाचल्याशिवाय एकही अंगठा घ्यायचा नाही. तो जरा कुरकुरला. गर्दी होते, वेळ जातो. तिसऱ्याच दिवशी एक कोलाम आदिवासी बाई शेळीवरून शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाची तक्रार घेऊन आली. अंमलदारानं अर्धवट ऐकून 'शेजाऱ्यानं शेळी मारली' असं लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहत मोठ्यानं वाचू लागला. बाई खाली मान घालून ऐकत होती. अर्ध्यात तिनं मान वर केली.

"हे म्या नाही म्हटलं," ती म्हणाली. "त्यानं शेळी नाही मारली. माह्या पोरीले मारलं."

अंमलदाराचं पेन हातातच राहिलं. मी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसलो आणि कोरा कागद घेतला.